न्यायाच्या तराजूतील पासंग

एखादा अघोर गुन्हा घडतो, वर्तमानपत्रांचे रकाने त्याच्या हकीकतींनी भरून जातात, लोक संतापतात आणि मग कायदेमंडळात एक लहानसे विधेयक येते. त्यात फारसे काही नसते. अमुक गुन्ह्यास पूर्वी ‘दहा वर्षांपर्यंत’ कैद होती, ती आता ‘दहा वर्षांहून कमी नाही’ इतकी असावी, एवढाच शब्दांचा फेर असतो. बाके वाजतात, विधेयक मंजूर होते आणि सरकारने काहीतरी केले या समाधानात जो तो आपापल्या उद्योगास लागतो. ‘पर्यंत’ हा शब्द जाऊन त्याच्या जागी ‘हून कमी नाही’ हे शब्द आले, याचा अर्थ काय, याचा विचार करण्यास त्या वेळी कोणासच सवड नसते.

अर्थ असा की, समोर उभा असलेला मनुष्य टोळीचा नायक आहे की त्याने पाठवलेला हमाल आहे, सराईत आहे की प्रथमच चुकलेला आहे, हे पाहून शिक्षेचे माप ठरवण्याचा जो अधिकार न्यायाधीशास होता, तो त्या दिवसापासून एका ठरावीक रेषेच्या खाली संपला. ही ‘सक्तीची किमान शिक्षा’ होय. ती चांगली की वाईट, याविषयी तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. परंतु ती लागू होऊन वर्षे लोटल्यावर तिने काय साधले याचा जमाखर्च मांडणारे फार थोडे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी दर पाडव्यास वही बदलते आणि जुन्या वहीचा ताळेबंद पाहिल्यावाचून नवी वही कोणी उघडत नाही. कायद्याच्या बाबतीतही हाच शिरस्ता असावा, म्हणून हा ताळेबंद मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१८६० सालच्या इंडियन पिनल कोडात किमान शिक्षा हा अपवाद होता. बहुतेक कलमांत शिक्षेची वरची मर्यादा सांगून खालचे माप न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवले होते. प्राणघातक शस्त्र वापरून जबरी चोरी वा दरोडा करणाऱ्यास सात वर्षांहून कमी शिक्षा नाही, आणि जन्मठेप भोगत असलेल्या कैद्याने खून केल्यास त्यास फाशीच, अशी मोजकी कलमे तेवढी त्यास अपवाद होती. पुढे मात्र अन्नातील भेसळ, मादक पदार्थ, हुंडाबळी, लाचलुचपत, स्त्रियांवरील व बालकांवरील अत्याचार अशा एकामागून एक विषयांत किमान शिक्षेची कलमे येत गेली. यांपैकी कोणताही गुन्हा क्षुल्लक नव्हे. म्हणूनच त्यांवर योजलेला उपाय खरोखर लागू पडतो की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

या उपायाचे पुरस्कर्ते त्याचे तीन लाभ सांगतात. शिक्षा अटळ झाली की गुन्हेगारास वचक बसेल, हा पहिला. एकाच गुन्ह्यास एका न्यायाधीशाने सहा महिने आणि दुसऱ्याने सहा वर्षे द्यावीत ही विषमता नाहीशी होईल, हा दुसरा. आणि श्रीमंत, वजनदार किंवा उच्चकुलीन आरोपीस दयाळूपणाच्या पांघरुणाखाली मिळणारी सवलत बंद होईल, हा तिसरा. तिन्ही हेतू प्रशंसनीय आहेत. परंतु औषधाची परीक्षा वैद्याच्या हेतूवरून होत नसते. रोगी बरा झाला की नाही, यावरून ती होते.

या औषधाचा सर्वांत जुना आणि सर्वांत ठळक प्रयोग इंग्लंडात झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या देशात दोनशेहून अधिक गुन्ह्यांस देहदंड सांगितलेला होता. राहत्या घरातून चाळीस शिलिंग किमतीचा माल चोरल्यास फाशी, असा कायदा होता. वचक बसवण्याच्या दृष्टीने याहून कडक काय असणार? पण घडले काय? पंच म्हणून बसलेले ज्यूरीचे गृहस्थ तुमच्याआमच्यासारखेच दुकानदार आणि कारागीर असत. काही वस्तूंपायी मनुष्य फासावर जावा, हे त्यांच्या मनास पटेना. तेव्हा ते शपथ घेऊन चोरीच्या मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवू लागले. माल कितीही भारी असो, निकालपत्रात किंमत एकोणचाळीस! १८२७ साली ही मर्यादा पाच पौंडांवर नेली, तेव्हा ज्यूरीचा आकडाही मुकाट्याने चार पौंड एकोणीस शिलिंगांवर सरकला. कायद्याने विवेकास पुढच्या दाराने हाकलले. तो मागच्या दाराने, खोट्या शपथेचा वेष घेऊन परत आला.

याहूनही बोधप्रद प्रकार बनावट हुंड्यांचा व नोटांचा. या गुन्ह्याची झळ ज्यांस प्रत्यक्ष पोहोचे, त्या पेढीवाल्यांनी शिक्षा अधिक कडक करा असा धोशा लावला असता तर नवल नव्हते. पण १८३० साली इंग्लंडातील शेकडो पेढीवाल्यांनी पार्लमेंटाकडे अर्ज केला तो नेमका उलटा. बनावटगिरीची फाशी काढून टाका, असे त्यांनी विनवले. कारण अगदी व्यवहाराचे होते. फाशी होणार या भीतीने फिर्याद देण्यास कोणी धजत नाही, साक्ष देण्यास कोणी येत नाही, ज्यूरी दोषी ठरवत नाही, आणि यामुळे बनावटगिरी करणारा सर्रास सुटतो. शिक्षा सौम्य झाली तर ती निदान होईल तरी, असा त्यांचा हिशेब होता. त्या पेढीवाल्यांस दया आली होती असे कोणी म्हणणार नाही. बुडीत निघणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा खात्रीने वसूल होणारी लहान रक्कम बरी, हे व्यापाऱ्याचे शहाणपणच ते शिक्षेच्या बाबतीत सांगत होते.

इंग्लंडची गोष्ट जुनी झाली असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या बाजारपेठेत येऊ. १९५४ सालचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा ज्या दुकानदारांनी अनुभवला, त्यांस तो समजावून सांगण्याचे कारण नाही. पुढील दुरुस्त्यांनी त्यात सर्वसाधारणपणे सहा महिने कैदेची किमान शिक्षा आली आणि त्याखाली जाण्याची वाट फार अरुंद ठेवण्यात आली. हेतू काय होता? जनतेच्या ताटात विष कालवणाऱ्यास जरब बसावी. पण कायद्याच्या व्याख्येत विष कालवणे आणि ठरीव मानकापेक्षा माल थोडा कमी प्रतीचा असणे, ही दोन्ही ‘भेसळ’ या एकाच शब्दात आली होती. दुधातील स्निग्धांश ठरल्यापेक्षा किंचित उतरला तरी गवळी भेसळीचा गुन्हेगार ठरे. नमुना घेतला जाई तो बहुधा किरकोळ विक्रेत्याच्या गल्ल्यासमोर. ज्याने माल बनवला त्याची लेखी हमी दाखवावी तर सुटका, आणि खेड्यातल्या दुकानदाराजवळ असली लेखी हमी कोठून असणार?

परिणाम असा झाला की, नमुना घेण्याची पद्धत, बाटली सीलबंद करण्याची रीत, पृथक्करणाच्या अहवालास झालेला उशीर अशा मुद्द्यांवर खटले वर्षानुवर्षे लढले जाऊ लागले. कारण दोषी ठरणे म्हणजे तुरुंग हे निश्चित असल्यावर लढण्यावाचून आरोपीस गत्यंतरच नव्हते. काही खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचेतो दशके लोटली. मग इतक्या उशिरा म्हाताऱ्या दुकानदारास तुरुंगात घालून काय साधणार, या विचाराने त्या न्यायालयासही सरकारच्या शिक्षा बदलण्याच्या अधिकाराचा आडमार्ग दाखवून कैदेऐवजी दंडावर प्रकरण मिटवावे लागले. अखेर २००६ साली नवा अन्नसुरक्षा कायदा झाला व २०११ सालच्या ऑगस्टपासून तो अंमलात आला. कमी प्रतीच्या मालास पाच लाख रुपयांपर्यंत दंड, आणि ज्या असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवतो त्यास सात वर्षांहून कमी नाही इतकी कैद, असा भेद त्याने केला. म्हणजे सर्वांस एकच माप लावणारा कायदा अर्धशतक चालवून पाहिल्यावर, निरनिराळ्या मालास निरनिराळी मापे लागतात, ही बाजारातील पोरासही ठाऊक असलेली गोष्ट राज्यकर्त्यांनी मान्य केली. मधल्या काळात भेसळ थांबली होती, असे म्हणणारा एकही ग्राहक आम्हांस भेटलेला नाही.

हाच धडा याहून कितीतरी कठोर रूपात मादक पदार्थांच्या कायद्यात पाहावयास मिळतो. १९८५ सालच्या या कायद्याने अफू, चरस, हेरॉइन यांच्या व्यवहारास दहा वर्षे सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड, याहून कमी शिक्षा नाही, असे ठरवले. स्वतःच्या व्यसनापुरता अत्यल्प माल जवळ असल्यास शिक्षा सौम्य होती खरी. परंतु हेरॉइनच्या बाबतीत हे ‘अत्यल्प’ म्हणजे पाव ग्रॅम होते, आणि माल स्वतःपुरता होता हे सिद्ध करण्याचे ओझेही आरोपीवरच होते. पाव ग्रॅमहून चिमूटभर अधिक गर्द खिशात सापडलेला व्यसनी तरुण आणि गाडाभर माल देशांतरी पाठवणारा सौदागर, यांची शिक्षा एकाच आकड्यापासून सुरू होई. १९८९ साली जामिनाची वाटही जवळजवळ बंद करण्यात आली, आणि काही मोठ्या प्रमाणांच्या गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास फाशीखेरीज पर्याय उरला नाही.

सोळा वर्षांनी, २००१ साली, सरकारनेच दुरुस्ती आणली आणि तिच्या उद्देशपत्रिकेत, मोठ्या सौदागरांस कडक व व्यसनी आणि किरकोळ गुन्हेगारांस सौम्य शिक्षा असावी, असे तत्त्व सांगितले. मालाच्या वजनावरून अल्प, मधली आणि व्यापारी अशा तीन पायऱ्या केल्या. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत अल्प, अडीचशे ग्रॅमच्या वर व्यापारी; गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी. दहा वर्षांची किमान शिक्षा व्यापारी प्रमाणापुरती राहिली. ही सुधारणा मोठी होती हे आम्ही आनंदाने मान्य करतो. तथापि, न्यायाधीशाचा विवेक काढून त्याच्या जागी काटा ठेवला की काय गंमत होते, तेही पाहण्यासारखे आहे.

गर्द शुद्ध स्वरूपात क्वचितच विकला जातो; त्यात दुसऱ्या भुकट्या मिसळलेल्या असतात. मग वजन कशाचे करावयाचे, हेरॉइनचे की मिश्रणाचे? एका खटल्यात सुमारे चार किलो भुकटी सापडली होती आणि तीत हेरॉइनचे प्रमाण शेकडा दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे सुमारे साठ ग्रॅम होते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वजन धरावयाचे ते हेरॉइनचेच. आणि त्या आरोपीची शिक्षा दहा वर्षांवरून सहावर आली. २००९ साली सरकारने अधिसूचना काढून सबंध मिश्रण मोजावे असे ठरवले, आणि २०२० साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हाच अर्थ ग्राह्य धरला. कायद्याचा अर्थ म्हणून तो निर्णय शिरोधार्य आहे. पण आम्ही आमच्या धान्यबाजारातील वाचकांस विचारतो, पोत्यात दीड टक्का गहू आणि बाकीचा कोंडा असता, सबंध पोत्यास गव्हाचा भाव कोण देईल? सर्वांत वाईट, सर्वांत पाणचट माल विकणारा हा धंद्यातील सर्वांत खालचा मनुष्य असतो. काटा मिश्रणाचा धरला, म्हणजे नेमक्या त्याच्याच पारड्यात सर्वांत अधिक वर्षे पडतात. शुद्ध माल थोडक्या वजनात हलवणारा वरचा सौदागर त्यामानाने हलका ठरतो.

ही चूक केवळ आपलीच आहे असे नाही. अमेरिकेत १९९१ साली एका खटल्यात पन्नास मिलिग्रॅम एलएसडी कागदाच्या तुकड्यांवर शोषवलेले होते. कागद धरून वजन झाले ५.७ ग्रॅम, आणि कागदाच्या वजनामुळे आरोपी पाच वर्षांच्या किमान शिक्षेस पात्र ठरला. त्याच देशाच्या १९८६ सालच्या कायद्याने क्रॅक नावाच्या स्वस्त कोकेनच्या पाच ग्रॅमना आणि भुकटीच्या कोकेनच्या पाचशे ग्रॅमना सारखीच, म्हणजे पाच वर्षांची किमान शिक्षा ठरवली. क्रॅकच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांपैकी फार मोठा भाग कृष्णवर्णीयांचा होता. समतेच्या नावाने आलेल्या कायद्याने वर्णावर्णांत शंभरास एक अशी तफावत चोवीस वर्षे चालवली. २०१० साली ती अठरास एकवर आणण्यात आली, आणि पूर्वीच्या कैद्यांस तिचा लाभ मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

अमेरिकेचा उल्लेख आणखी एका कारणाने अवश्य आहे. तेथे या कायद्यांची शास्त्रशुद्ध तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यात गव्हर्नर रॉकफेलर यांनी १९७३ साली त्या काळचा सर्वांत कडक मादकद्रव्य कायदा आणला. चार वर्षांनी, १९७७ साली, तेथील वकीलमंडळाच्या पुढाकाराने त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. हेरॉइनचा वापर पूर्वीइतकाच पसरलेला आढळला. दोषी ठरणाऱ्यांपैकी तुरुंगात जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले हे खरे. पण दोषी ठरणाऱ्यांचेच प्रमाण घटले, आणि अटक झालेल्या मनुष्यास तुरुंग घडण्याचा संभव एकंदरीत जेथल्या तेथेच राहिला. खटले मात्र लांबले, कारण गुन्हा कबूल करण्यात आरोपीस काहीच लाभ उरला नव्हता. २०१४ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेने अनेक वर्षांचे संशोधन एकत्र करून जो निष्कर्ष काढला, त्याचे सार हेच की, गुन्हेगारास वचक बसतो तो आपण सापडू या खात्रीने. सापडल्यावर पाच वर्षे मिळतील की दहा, याने त्यात फारसा फरक पडत नाही. चोरी करावयास निघालेला मनुष्य कायद्याचे पुस्तक वाचून निघत नाही; गल्लीच्या तोंडाशी पोलीस आहे की नाही, तेवढे पाहून निघतो.

तुरुंगात असेतो मनुष्य बाहेर गुन्हा करू शकत नाही, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु व्यसनाच्या बाजारात एक फेरीवाला आत गेला तर त्याच्या जागी दुसरा सायंकाळपर्यंत उभा राहतो. दहा वर्षे त्याला पोसण्याचा खर्च मात्र करदात्याच्या नावे मांडला जातो.

आता विवेकाच्या प्रश्नाकडे वळू. किमान शिक्षेने मनमानी थांबते, असे सांगितले जाते. आमच्या मते ती थांबत नाही, तिची जागा मात्र बदलते. आरोपीवर कोणते कलम लावावयाचे, पंचनाम्यात वजन किती लिहावयाचे, कोणास आरोपी करावयाचे आणि कोणास माफीचा साक्षीदार, हे सर्व निर्णय तपास करणाऱ्याच्या व सरकारपक्षाच्या हाती असतात. न्यायाधीशाचा निर्णय उघड्या न्यायालयात होतो, त्याची कारणे लेखी असतात आणि त्यावर अपील चालते. ठाण्यातल्या निर्णयास यांपैकी काहीच लागू नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती न्यायालयांत नव्वदाहून अधिक टक्के प्रकरणे आरोपीच्या कबुलीने मिटतात. किमान शिक्षेचे कलम लावण्याची वा काढून घेण्याची मुखत्यारी ज्या सरकारी वकिलाकडे असते, तोच तेथे व्यवहारतः शिक्षा ठरवतो. आपल्याकडे अशी उघड घासाघीस नाही. परंतु जेथे मुद्देमालाच्या चार ग्रॅमांवर माणसाचे दहा वर्षांचे आयुष्य अवलंबून आहे, तेथे त्या चार ग्रॅमांचे मोल बाजारात काय ठरत असेल, हे व्यवहारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

येथवर वाचून कित्येक सुज्ञ वाचक, आणि विशेषतः आमच्या भगिनी, आम्हांस एक सवाल करतील, आणि तो अत्यंत रास्त आहे. न्यायाधीशाच्या विवेकाचे एवढे गोडवे गाता. पण त्या विवेकाने स्त्रियांस आजवर काय दिले? १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीसठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केला नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांस निर्दोष सोडले. १९७९ साली चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि त्या चळवळीतून १९८३ साली कायदा बदलला. त्यात बलात्कारास सात वर्षे व पोलीसकोठडीसारख्या ठिकाणी झालेल्या बलात्कारास दहा वर्षे अशी किमान शिक्षा आली. ती आणणाऱ्यांनी सूडबुद्धीने आणली नव्हती. न्यायाचा तराजू पुरुषाकडे, पोलिसाकडे, प्रतिष्ठिताकडे झुकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तो सम करण्यासाठी हलक्या पारड्यास त्यांनी पासंग बांधला. त्यांच्या बाजूने आम्ही आजही उभे आहोत.

परंतु १९८३ सालच्या त्या कायद्यात एक खिडकी होती, हे विसरू नये. पुरेशी व विशेष कारणे निकालपत्रात लिहून न्यायाधीशास किमानाखाली जाता येई. या खिडकीचा काही न्यायालयांनी दुरुपयोग केला, ही गोष्ट खरी. दुरुपयोगाची कारणे लेखी होती, म्हणून ती अपिलात तपासता आली व त्यांवर टीकाही झाली, ही गोष्टही तितकीच खरी. २०१३ साली ती खिडकी चिणून टाकण्यात आली. त्यानंतरचे दिल्लीतील खालच्या न्यायालयांचे निकाल अभ्यासकांनी तपासले, तेव्हा दोषी ठरण्याचे प्रमाण वाढण्याऐवजी घटलेले आढळले. त्यास अनेक कारणे असू शकतील आणि एकट्या किमान शिक्षेस आम्ही जबाबदार धरीत नाही; परंतु एकोणचाळीस शिलिंगांची गोष्ट ज्याने ऐकली आहे, त्यास हा आकडा अगदीच अनपेक्षित वाटणार नाही. स्त्रीस हवी असते ती तक्रार नोंदवून घेणारी चौकी, वेळेवर वैद्यकीय तपासणी, आणि आरोपी ओळखीचा वा कुटुंबातला असला तरी न डगमगणारा साक्षीदार. यांपैकी एकही गोष्ट कलमातला आकडा वाढवून मिळत नाही.

बालकांच्या संरक्षणाचा २०१२ सालचा कायदा तर याहून नाजूक ठिकाणी येऊन ठेपला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्यांच्या गंभीर प्रकारांत दहा वा वीस वर्षांची किमान शिक्षा आली. नराधमास ती थोडीच आहे. पण अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायदा मानीत नाही, म्हणून परस्परांच्या प्रेमात पडून पळून गेलेली कोवळी जोडपीही याच कलमात सापडतात. आणि पुष्कळदा फिर्याद देणारा असतो तो जात वा प्रतिष्ठा दुखावलेला बाप. पश्चिम बंगालमधील अशा एका प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तरुणास दोषी ठरवले. परंतु दरम्यान त्या मुलीचे त्याच्याशी लग्न झाले होते, मूल झाले होते, आणि ती कर्ज काढून नवऱ्यास सोडवण्यासाठी झगडत होती. तज्ज्ञांचा अहवाल मागवून २०२५ सालच्या मे महिन्यात न्यायालयाने आपल्या असाधारण अधिकारात त्यास शिक्षा दिली नाही. जिच्या रक्षणासाठी कायदा होता, तिलाच या कायद्याच्या यंत्रणेने सर्वांत अधिक घायाळ केले, हे त्या प्रकरणाचे सार होते. पण असा असाधारण अधिकार देशात एकाच न्यायालयास आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या न्यायाधीशाने डोळ्यांत पाणी आणले तरी त्याच्या हाती वर्षे कमी करण्याची लेखणी नाही. विधि आयोगाने २०२३ साली संमतीचे वय उतरवू नये असे म्हणूनही, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या अशा प्रकरणांत न्यायाधीशास काही मार्गदर्शित विवेक असावा, असे सुचवले आहे. आमचे म्हणणे याहून निराळे नाही.

न्यायालयांनी यातील टोकाच्या अन्यायास पूर्वीच पायबंद घातला आहे. जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशीच द्यावी, हे कलम १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने घटनाबाह्य ठरवले. मादक पदार्थांच्या कायद्यातील अटळ फाशीस २०११ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने पर्यायाची वाट करून दिली, आणि २०१४ साली संसदेने ती मान्य केली. या निकालांमागील विचार साधा होता. मनुष्य आणि त्याची परिस्थिती न पाहता आधीच ठरवून ठेवलेली शिक्षा हा न्याय नव्हे. फाशीच्या बाबतीत जे खरे, ते दहा वर्षांच्या सक्तमजुरीच्या बाबतीत अगदीच खोटे कसे ठरावे?

मग उपाय काय? किमान शिक्षा सरसकट रद्द करा, असे आम्ही म्हणत नाही. तराजू झुकता आहे तोवर पासंग लागेल. परंतु तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, प्रत्येक किमान शिक्षेस लेखी कारणांची खिडकी असावी, कोणती कारणे चालतील व कोणती नाहीत हे कायद्यातच सांगावे, आणि त्या कारणांवर अपील चालावे. आरोपीची जात, घराणे, पीडितेचे चारित्र्य वा सक्तीचा समेट ही कारणे कधीच चालू नयेत. दुसरी, शिक्षा ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वे करण्यासाठी कायमची समिती असावी, ही न्यायमूर्ती मळीमठ समितीने २००३ साली केलेली शिफारस कपाटातून बाहेर काढावी. विषमतेवर खरा उतारा तोच आहे. तिसरी, पैसा आणि लक्ष शिक्षेच्या आकड्यावरून काढून तिच्या खात्रीवर लावावे. २०२२ सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत दर चार माणसांपैकी तीन अद्याप दोषी ठरलेलीच नव्हती. जेथे निकालच लागत नाही, तेथे निकालानंतरच्या शिक्षेची किमान मर्यादा वाढवणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! प्रयोगशाळा, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा, साक्षीदारांचे संरक्षण, येथे बंब न्यावयास हवा.

शेवटी एक गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांस सांगून हा लेख पुरा करतो. तुमच्या दुकानातील वजने ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. वजन लोखंडाचे असले तरी झिजते आणि तराजू पोलादी असला तरी कलतो, हे सरकार जाणते. शिक्का नसलेले वजन वापरणाऱ्यास दंड होतो आणि तो योग्यच आहे. मग ज्या वजनांनी सरकार माणसांची वर्षे मोजते, त्यांची तपासणी दर पाच-सात वर्षांनी का होऊ नये? किती दोषी ठरले, किती सुटले, आत गेले ते सौदागर की हमाल, गुन्हा घटला की नाही, याचा हिशेब कायदेमंडळापुढे ठेवल्यावाचून असे कलम पुढे चालू राहू नये. पुढच्या वेळी एखादा भीषण गुन्हा घडेल, सभा भरतील, अर्जावर सह्या गोळा होतील. त्या अर्जावर सही अवश्य करा. पण सही करण्यापूर्वी त्यात ही एक ओळ घालून घ्या. शिक्षा वाढवा म्हणणारे पुष्कळ आहेत. हिशेब द्या म्हणणारे थोडे आहेत, आणि हिशेब मागण्याची सवय ज्यांच्या हाडीमासी खिळलेली आहे ते तुम्ही आहात.